हापशाचा दांडा काढायला लावणारा डॉक्टर: जॉन स्नोनं दारोदार फिरून कॉलऱ्याचा माग कसा काढला?

जॉन स्नो हे नाव गुगलवर टाकलं की आधी काळ्या अंगरख्यातला, हातात तलवार घेतलेला गेम ऑफ थ्रोन्सचा हिरो समोर येतो. पण याच नावाचा एक खराखुरा माणूस दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जन्माला आला होता. त्याची लढाई होती कॉलऱ्याशी. आणि या लढाईत त्याचं सगळ्यात मोठं हत्यार होतं एक साधा प्रश्न: तुमच्या घरी पाणी कुठून येतं?

त्याच्याबद्दलची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. लंडनच्या एका वस्तीत कॉलरा पसरला, स्नोनं नकाशा काढला, नकाशात एक हापसा दिसला, हापशाचा दांडा काढला आणि साथ थांबली. विषय संपला.

गोष्ट छान आहे. फक्त ती अर्धीच खरी आहे. खरी गोष्ट यापेक्षा लांब आहे. तिच्यात एक मजुराचा मुलगा आहे, एक तरुण पाद्री आहे, पाच महिन्यांचं एक बाळ आहे आणि डोळ्यांसमोर पुरावा असूनही तो न मानणारं सरकार आहे.

कोळशाच्या वखारीतल्या मजुराचं पोर

जॉन स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करायचे. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत. एकूण नऊ भावंडं, जॉन सगळ्यात थोरला.

पोरगं हुशार होतं, विशेषतः गणितात. वयाच्या १४ व्या वर्षी घरच्यांनी त्याला न्यूकॅसलच्या एका डॉक्टरकडे उमेदवारीला पाठवलं. त्या काळात डॉक्टर व्हायचं तर आधी एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली काही वर्षं काम करावं लागायचं. औषधं कुटायची, बाटल्या भरायच्या, रुग्ण बघायला सोबत जायचं.

तिथेच त्याची आणि कॉलऱ्याची पहिली गाठ पडली.

कॉलरा आपल्याला नवीन नव्हता. आपल्याकडे त्याला पटकी म्हणायचे, महामारी म्हणायचे. गावात पटकी आली की मरीआई कोपली असं समजून लोक गाडा काढायचे, नवस बोलायचे. १८१७ मध्ये बंगालमधून मोठी साथ उसळली आणि व्यापाराच्या, सैन्याच्या वाटांनी ती देशोदेशी गेली. त्यानंतरची लाट १८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलँड बंदरात येऊन पोचली. तिथून न्यूकॅसल हाकेच्या अंतरावर.

जवळच्या किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत मजूर पटापट मरायला लागले. डॉक्टर कमी पडत होते, म्हणून अठरा वर्षांच्या जॉनला तिकडे पाठवण्यात आलं. हातात खास काही औषध नव्हतं. खरं तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. पण त्यानं एक गोष्ट पाहिली. हे मजूर तासनतास जमिनीखाली असायचे. तिथे शौचाला वेगळी जागा नव्हती, हात धुवायला पाणी नव्हतं. अंधारात, त्याच हातांनी ते घरून आणलेली भाकरी खायचे.

ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली. तिचा अर्थ लागायला पुढे सतरा-अठरा वर्षं जावी लागली.

राणीला भूल देणारा डॉक्टर

१८३६ मध्ये स्नो लंडनला आला. शिक्षण पूर्ण करून त्यानं सोहो भागात दवाखाना टाकला. माणूस तसा अबोल. लग्न केलं नाही. तरुणपणीच मांसाहार सोडलेला, दारूला हात न लावणारा. लंडनच्या मोठ्या डॉक्टरांच्या वर्तुळात ना त्याची ओळख, ना घराण्याचं नाव.

त्याचं नाव झालं ते भुलीमुळे. १८४६ च्या शेवटी इथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचं तंत्र अमेरिकेतून इंग्लंडला आलं. बाकीचे डॉक्टर अंदाजानं इथर द्यायचे. कुणाला कमी पडायचं, कुणाला जास्त व्हायचं. स्नोनं वायूंचा अभ्यास केला, तापमानाप्रमाणे हवेत इथर किती मिसळतं याचं गणित मांडलं आणि मोजून मात्रा देता येईल असं उपकरण तयार केलं. पुढे क्लोरोफॉर्म आलं, त्यातही तो लंडनमधला सगळ्यात जाणकार ठरला.

इतका, की १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यालाच बोलावण्यात आलं. १८५७ मध्ये पुन्हा एकदा. मजुराचा पोरगा थेट राजवाड्यात पोचला होता. आरामात जगायला एवढं पुरेसं होतं.

पण त्याचा कॉलऱ्याचा नाद सुटला नव्हता. आणि वायूंच्या या अभ्यासानंच त्याला एका मोठ्या भांडणात ओढलं.

सगळे म्हणत होते, हवा

त्या काळात जवळपास सगळ्या डॉक्टरांचं आणि अधिकाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. कॉलरा हवेतून होतो. कुजका कचरा, मैला, दलदल यांतून घाण वाफ उठते, ती नाकातून शरीरात जाते आणि माणूस आजारी पडतो. या समजुतीला मायझ्मा म्हणायचे. पटण्यासारखीच होती ती, कारण जिथे वास जास्त तिथे गरिबी जास्त आणि जिथे गरिबी जास्त तिथे आजार जास्त, हे तर डोळ्यांना दिसतच होतं.

स्नोला मात्र ते पटेना. त्याची कारणं सरळ होती.

पहिलं, वायू उगमापासून दूर जाता जाता विरळ होतो. मग घाणीत दिवसभर काम करणारे लोक धडधाकट कसे आणि दूर राहणारे आजारी कसे? दुसरं, हवेतून काही शरीरात शिरत असेल तर आधी फुफ्फुसाला त्रास व्हायला हवा. कॉलऱ्यात सुरुवात होते ती पोटापासून. म्हणजे जे काही आहे ते तोंडातून, खाण्यापिण्यातून जात असणार. रुग्णाच्या जुलाबातून ते बाहेर पडतं, पाण्यात मिसळतं आणि दुसऱ्याच्या पोटात जातं. किलिंगवर्थच्या खाणीतले ते न धुतलेले हात आता जुळायला लागले होते.

१८४८ मध्ये लंडनला कॉलऱ्याची नवी लाट आली तेव्हा त्यानं पहिल्या रुग्णांचा माग काढला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून आलेल्या जहाजावरचा एक खलाशी भाड्याच्या खोलीत मेला. काही दिवसांनी त्याच खोलीत दुसरा भाडेकरू राहायला आला. त्यालाही कॉलरा झाला.

एका ठिकाणी तर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन चाळी होत्या. गरिबी सारखीच, वास सारखाच. पण एका चाळीत माणसं एकामागून एक गेली आणि दुसऱ्या चाळीत साथ जवळपास शिवलीच नाही. फरक एवढाच होता, की पहिल्या चाळीत सांडपाणी फटीतून पिण्याच्या विहिरीत जात होतं.

१८४९ मध्ये स्नोनं हे सगळं एका छोट्या पुस्तिकेत छापलं. डॉक्टर मंडळींनी वाचलं आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून बाजूला ठेवलं.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तर्क बरोबर होता, पण आकडे थोडे होते. स्नोनं मग एकच केलं. पुढच्या साथीची वाट पाहिली.

एकाच गल्लीत दोन नळ

१८५४ च्या उन्हाळ्यात कॉलरा परत आला. दक्षिण लंडनमध्ये स्नोला अशी संधी मिळाली, जी ठरवूनही कुणाला मिळाली नसती.

तिथे दोन खासगी कंपन्या पाणी पुरवायच्या. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लँबेथ. दोघींमध्ये स्पर्धा असल्यामुळे एकाच गल्लीत दोघींचे नळ होते. शेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी. घरं तशीच, हवा तीच, माणसं तीच. पण १८५२ मध्ये लँबेथ कंपनीनं आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण शहराच्या वर, जिथे टेम्स नदी स्वच्छ होती तिथे हलवलं होतं. दुसरी कंपनी मात्र लंडनचा सगळा मैला मिसळलेलं पाणीच उचलत होती.

सरकारी नोंदणी कार्यालयातून कॉलऱ्यानं गेलेल्यांचे पत्ते घेऊन स्नो घरोघर फिरायला लागला. प्रत्येक दारात तोच प्रश्न. पण एक अडचण होती. बहुतेक भाडेकरूंना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हेच माहीत नव्हतं, कारण बिल घरमालक भरायचा. कुणाकडे पावती नसायची, कुणाला आठवत नसायचं.

मग स्नोनं एक युक्ती काढली. समुद्राच्या भरतीमुळे शहरातल्या टेम्सच्या पाण्यात मीठ जास्त असायचं. घरातलं थोडं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. पांढरा गढूळ साका झाला की खालच्या नदीचं पाणी, जवळपास तसंच राहिलं की वरचं. साध्या रसायनानं कंपनीचं नाव सांगून टाकलं.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांमध्ये १,२६३ मृत्यू. लँबेथच्या २६,१०७ घरांमध्ये ९८. दर १०,००० घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७.

हे काम सुरू असतानाच स्नोच्या घरापासून पायी काही मिनिटांवर, सोहोमध्ये, स्फोट झाला.

ब्रॉड स्ट्रीटवरचे दहा दिवस

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री ब्रॉड स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये कॉलरा अक्षरशः फुटला. पहिल्या तीन दिवसांत १२७ माणसं गेली. दहा सप्टेंबरपर्यंत आकडा ५०० च्या पुढे पोचला. संध्याकाळी ठणठणीत असलेली माणसं सकाळपर्यंत राहत नव्हती. आठवडा संपायच्या आत ज्याला शक्य होतं त्यानं घरदार सोडून पळ काढला. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या गल्ल्या जवळपास रिकाम्या झाल्या.

ज्या भागातून लोक पळत होते, त्या भागात स्नो चालत शिरला.

त्याला संशय होता ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक हापशाचा. गंमत म्हणजे या हापशाच्या पाण्याचं नाव चांगलं होतं. दिसायला नितळ, चवीला छान. आजूबाजूचे लोक जवळचा हापसा सोडून इथे पाणी भरायला यायचे. स्नोनं पाण्याचा नमुना घेतला, पण त्या काळच्या साधनांनी त्यात ठोस काही दिसलं नाही. मग परत तोच रस्ता. मेलेल्यांची यादी आणि दारं ठोठावणं.

यादीत आधी ८३ मृत्यू होते. त्यातले ७३ या हापशाच्या आसपास राहणारे. घरच्यांकडे विचारपूस केल्यावर कळलं, की त्यातले ६१ जण कायम किंवा अधूनमधून याच हापशाचं पाणी प्यायचे.

उरलेले १० दुसऱ्या हापशांच्या जवळ राहत होते. म्हणजे तर्क फसला? स्नो त्यांच्याही घरी गेला. पाच घरं मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आणायची. आणखी तिघं मुलं होती, त्यांची शाळा या हापशाच्या वाटेवर होती.

जे मेले नाहीत, त्यांचं काय?

इथे स्नोचं खरं वेगळेपण दिसतं. मेलेल्यांची चौकशी कुणीही करेल. स्नोनं जगलेल्यांचीही केली.

हापशाजवळच गरिबांसाठीचं एक सरकारी निवारागृह होतं. ५३५ माणसं दाटीवाटीनं राहायची. घाण हवेनं कॉलरा होत असता तर इथे प्रेतांचा खच पडायला हवा होता. कॉलऱ्यानं गेले फक्त पाच. कारण? आवारात स्वतःची विहीर.

ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता. ७० हून जास्त कामगार. एकही कॉलऱ्यानं गेला नाही. मालकाकडून कळलं, की कामगारांना बिअर फुकट मिळायची, हापशाचं पाणी कुणी प्यायचंच नाही.

त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनवणारा कारखाना होता. तिथे कामगारांसाठी हापशाच्या पाण्याची दोन पिंपं भरून ठेवलेली असायची. तिथले १८ कामगार गेले.

आणि सगळ्यात चटका लावणारी केस होती हॅम्पस्टेडच्या एका वृद्ध विधवेची. हॅम्पस्टेड म्हणजे सोहोपासून मैलोनमैल लांब, टेकडीवरची मोकळी, श्रीमंत वस्ती. तिथे कॉलऱ्याचं नावही नव्हतं. तरी ही बाई गेली. स्नोनं तिच्या मुलाला गाठलं. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची. तिथल्या पाण्याची चव तिला इतकी आवडायची, की रोज गाडीतून त्या पाण्याची बाटली तिच्याकडे जायची. तिच्याकडे आलेल्या भाचीनंही ते पाणी प्यायलं. घरी परतल्यावर तीही गेली.

हॅम्पस्टेडची हवा स्वच्छ होती. सोहोतून तिथे फक्त एक बाटली आली होती.

दांडा काढला, पण...

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो स्थानिक कारभाऱ्यांच्या बैठकीत गेला आणि आपलं म्हणणं मांडलं. त्यांना ते पूर्ण पटलं होतं असं नाही. पण माणसं मरत होती आणि दुसरा उपाय हातात नव्हता. ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढण्यात आला.

आता गोष्टीतला तो प्रसिद्ध क्षण. दांडा निघाला आणि साथ थांबली?

नाही. साथ आधीच उतरणीला लागली होती, कारण बहुतेक लोक पळून गेले होते. हे स्नोनं स्वतःच नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. प्रसिद्ध नकाशाही आधीचा नाही. मृत्यू झालेल्या घरांसमोर काळ्या रेघा काढलेला तो नकाशा त्यानं नंतर, लोकांना समजावून सांगण्यासाठी तयार केला. हापसा शोधून दिला तो नकाशानं नाही. तो शोधला पायपिटीनं आणि विचारलेल्या प्रश्नांनी.

पण म्हणून दांडा काढणं वाया गेलं का? याचं उत्तर मिळालं ते एका अशा माणसामुळे, जो स्नोला खोटं पाडायला निघाला होता.

विरोधात निघालेला पाद्री

हेन्री व्हाइटहेड हा जवळच्या चर्चमधला तरुण पाद्री, वय वर्षं २८. साथीत तो रात्रंदिवस वस्तीत होता. कुणाच्या उशाशी बसला, कुणाला शेवटची प्रार्थना ऐकवली. कोण कुठल्या खोलीत राहतं, कोण कधी गेलं, कुणाचं पोर कुठे पाणी भरायला जायचं, हे त्याला स्नोपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं.

हापशामुळे साथ आली हे त्याला साफ चूक वाटलं. ते पाणी पिऊन बरे झालेले लोक त्यानं पाहिले होते. म्हणून पुढे स्थानिक चौकशी समिती नेमली गेली तेव्हा त्यानं ठरवलं, की घर न घर तपासायचं आणि स्नोचा दावा खोडून काढायचा. एकेका खोलीत तो चार-चार, पाच-पाच वेळा गेला. पळून गेलेल्यांचे नवे पत्ते शोधून काढले.

पाद्री आपला ओळखीचा, संकटात सोबत राहिलेला. लोक त्याच्याशी मोकळेपणानं बोलले. स्नोसारख्या बाहेरच्या डॉक्टरला जे कुणी सांगितलं नसतं, ते त्याला सांगितलं.

आणि आकडे उलटेच निघाले. ब्रॉड स्ट्रीटवर हापशाचं पाणी प्यायलेल्या १३७ जणांमध्ये ८० आजारी पडले होते. न प्यायलेल्या २९७ जणांमध्ये फक्त २०. व्हाइटहेडनं आपलं मत बदललं. खोटं पाडायला निघालेला माणूस स्नोचा सगळ्यात मोठा साक्षीदार झाला.

पण एक प्रश्न राहिला होता. हापशाच्या विहिरीत कॉलरा आला कुठून?

नोंदी चाळताना व्हाइटहेडचं लक्ष एका ओळीकडे गेलं. ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पाच महिन्यांची मुलगी, जुलाबानं २ सप्टेंबरला मृत्यू. आजार सुरू झाला होता साथीच्या आधी काही दिवस. आणि घर क्रमांक ४० म्हणजे हापशाला अगदी लागून.

तो त्या बाळाच्या आईकडे गेला. तिनं सांगितलं, की बाळाची लंगोटं ती बादलीत भिजवायची आणि ते पाणी घरापुढच्या मैल्याच्या टाक्यात ओतायची. टाकं उकरून पाहिलं. विटा ढासळलेल्या, मैला बाहेर झिरपत असलेला. हापशाची विहीर तिथून तीन फूटही लांब नव्हती.

एका आईनं आपल्या आजारी लेकरासाठी केलेलं रोजचं काम. तिचा यात काय दोष?

या घरात आणखी एक गोष्ट घडली होती. बाळाचे वडील पोलिसात होते. ते आजारी पडले ८ सप्टेंबरला. म्हणजे नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी हापशाचा दांडा निघाला. ११ दिवसांनी ते गेले. त्यांच्या आजारपणातलं पाणीही त्याच टाक्यात गेलं असणार. दांडा जागेवर असता, तर तो कॉलरा पुन्हा वस्तीत वाटला गेला असता.

दांडा काढून पहिली लाट थांबली नाही. पण दुसरी आलीच नाही.

तरीही कुणी मानलं नाही

एवढं झाल्यावर सगळं बदललं असेल असं वाटतं ना? सरकारच्या आरोग्य मंडळाच्या समितीनं ब्रॉड स्ट्रीटची चौकशी केली आणि पाण्याचा तर्क फेटाळून लावला. कॉलरा हवेतूनच, हे त्यांचं मत कायम राहिलं.

१८५५ मध्ये स्नोनं आपल्या पुस्तिकेची मोठी, आकडे आणि नकाशासह आवृत्ती काढली. खर्च स्वतःचा. विक्री नगण्य. त्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे त्यानं साक्ष दिली, की दुर्गंधी सोडणाऱ्या कारखान्यांमुळे साथी येत नाहीत. झालं, कारखानदारांची बाजू घेतो म्हणून वैद्यकीय नियतकालिक लॅन्सेटनं त्याच्यावर सडकून टीका केली.

यात पैशाचाही भाग होता. पाण्यामुळे माणसं मरतात हे मान्य करायचं तर खासगी पाणी कंपन्यांना जबाबदार धरावं लागणार, नळ बदलावे लागणार, गटारं बांधावी लागणार. हवेला दोष देणं सोपं होतं.

जून १८५८ मध्ये क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहिताना स्नोला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला तो गेला. वय अवघं ४५. लॅन्सेटनं दोन-तीन ओळींची बातमी दिली. त्यात कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता.

योगायोग बघा. त्याच जून महिन्यात उन्हामुळे टेम्स नदी इतकी सडली, की वासानं संसदेत बसणं अशक्य झालं. खासदारांनी घाईघाईनं लंडनच्या गटार योजनेला मंजुरी दिली. हेतू होता वास घालवण्याचा. पण मैला नदीच्या खालच्या बाजूला गेला आणि पिण्याचं पाणी सुधारलं. चुकीच्या कारणासाठी का होईना, स्नोला हवं होतं ते झालं.

१८६६ मध्ये कॉलरा परत आला तेव्हा जवळपास फक्त पूर्व लंडनमध्ये पसरला. तिथे नवी गटारं अजून पूर्ण जोडली गेली नव्हती. सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार, जो आधी हवेच्या बाजूचा होता, त्यानं आकडे पाहून थेट तिथल्या पाणी कंपनीकडे बोट दाखवलं. मदतीला व्हाइटहेड होताच. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जिवाणूवरचं आपलं काम पक्कं केलं. तिथेही एका तलावाच्या पाण्यात तो सापडला. स्नोला जाऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती.

आजही तोच प्रश्न

ज्या शास्त्राचा आधारस्तंभ म्हणून आज स्नोचं नाव घेतात, ते म्हणजे साथरोगशास्त्र, एपिडेमिऑलॉजी. नाव भारी आहे, पण त्याचा गाभा अजूनही तोच आहे. कोण आजारी, कोण नाही आणि दोघांमध्ये फरक काय?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात रुग्ण जास्त होते. तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. पाणी विहिरीचं की टँकरचं, उकळता का, घरात कुणाला जुलाब झाले का, हे विचारलं. पाण्याचे नमुने घेतले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला.

गावोगावी हेच काम रोज चालतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी टेस्ट करतो. पाण्याचा स्रोत धोकादायक निघाला की ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं. आशा सेविका दारात येऊन घरात कुणाला जुलाब-उलट्या आहेत का विचारते आणि आपण बऱ्याचदा काही नाही म्हणून दार लावून घेतो. स्नोच्या काळात लोकांनी अशी दारं लावून घेतली असती, तर हॅम्पस्टेडची ती बाटली कधीच सापडली नसती.

व्हाइटहेडनं पुढे आयुष्यभर आपल्या अभ्यासिकेत स्नोची तसबीर लावून ठेवली. लंडनमधल्या त्या रस्त्याचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तिथे जुन्या हापशाची प्रतिकृती उभी आहे. शेजारच्या पबला जॉन स्नोचं नाव दिलंय, दारू न पिणाऱ्या माणसाचं.

त्या प्रतिकृतीला दांडा मात्र मुद्दामच बसवलेला नाही.